माणसं वाचण्याआधी

आषाढात आंबोलीत समोरून येणारा माणूस दहा पावलांवर येईपर्यंत त्याचा चेहरा दिसत नाही. सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास सिंधुदुर्गातलं हे गाव वसलं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे येऊन आदळतात आणि वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. डोक्यावर छत्री, अंगावर रेनकोट नाहीतर प्लास्टिकचा कागद. अशात माणसाचं रूप ते काय दिसणार? तरीही गावातली माणसं धुक्यातल्या आकृतीला लांबूनच नावाने हाक मारतात आणि बहुतेक वेळा ती हाक योग्य माणसालाच लागते. पाय उचलून टाकतो की घासत चालतो, ओझं कुठल्या खांद्यावर घेतो, चढ लागला की पुढे किती वाकतो, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

या ओळखीवर प्रयोगशाळेतही काम झालं आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांदे, कोपर, मनगट, गुडघे अशा सांध्यांवर उजेडाचे ठिपके लावायचे आणि बाकी सगळा अंधार ठेवायचा. माणूस स्थिर असला की पाहणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो चालू लागला की क्षणार्धात कळे, हा माणूस आहे आणि चालतो आहे. चार वर्षांनी अमेरिकेत जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी पुढचा प्रश्न विचारला: या ठिपक्यांवरून आपले मित्र ओळखता येतील का? आले, नुसत्या अंदाजाने आले असते त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा. चुकाही बऱ्याच झाल्या. मला या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की तो मित्रांवर केलेला होता. ठिपक्यांमागचा माणूस आधीपासून ओळखीचा होता.

या पुस्तकाचा सगळा आग्रह याच एका गोष्टीवर उभा आहे. शरीराच्या खुणांवरून माणूस समजून घेता येतो, पण त्यासाठी तो माणूस आधी माहीत असावा लागतो. अनोळखी माणसाच्या हाताच्या घडीवरून, नजरेवरून, पायाच्या टोकाच्या दिशेवरून त्याच्या मनातलं सांगणं हा बहुतेक वेळा अंदाज असतो आणि तो चुकीचा ठरला तर त्याची किंमत त्या अनोळखी माणसाला मोजावी लागते. ओळखीच्या माणसाचं नेहमीचं रूप आपल्याला ठाऊक असतं. त्यात झालेला बदल आपण टिपू शकतो, आणि टिपल्यावर विचारू शकतो.

बाजारातली देहबोलीवरची पुस्तकं वेगळं सांगतात. एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर ती मराठीतही मिळतात. हाताची घडी म्हणजे मनाची दारं बंद, नाकाला हात म्हणजे खोटं, नजर चुकवली म्हणजे मनात पाप. हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाबद्दल आंबोलीत जुलै महिन्यात एकच गोष्ट खात्रीने सांगता येते: त्याला थंडी वाजते आहे. या पुस्तकांतून एक आकडेवारीही फिरते, की संभाषणात शब्दांचा वाटा सात टक्के, आवाजाचा अडतीस आणि चेहऱ्या-शरीराचा पंचावन्न. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांचा विषय अगदी मर्यादित होता: बोलणाऱ्याचे सुटे शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील, तर ऐकणारा त्याच्या आवडीनावडीबद्दल कशावर विश्वास ठेवतो? हे निष्कर्ष सगळ्या संभाषणाला लावता येत नाहीत, असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. इतकं असूनही मुलाखतीच्या तयारीच्या वर्गात, विक्रेत्यांच्या प्रशिक्षणात हे आकडे तरुण मुलांना सिद्धांत म्हणून शिकवले जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. खेड्यातून आलेली, इंग्रजी बोलताना आधीच अवघडलेली मुलगी या आकड्यांमुळे आपले शब्द सोडून आपल्या हातांकडे बघत बसते.

आंबोलीसारख्या गावात या ठोकळेबाज अर्थांचा फोलपणा लवकर लक्षात येतो. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणाऱ्या इंग्रजांच्या मार्गावरचा हा टप्पा. आजही सावंतवाडीहून चढून येणारा रस्ता इथून आजरा, गडहिंग्लज आणि बेळगावकडे जातो. खालून मालवणी बोलणारे येतात, वरून घाटी मराठी बोलणारे, बेळगावकडून कानडी, गोव्याकडून कोंकणी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुख्य धबधब्याच्या पायऱ्यांवर हे सगळे खांद्याला खांदा लावून भिजत असतात. वरच्या माणसाचं नेहमीचं बोलणं खालच्या माणसाला भांडण वाटतं, इतका आवाजाच्या पट्टीत फरक. कोकणातल्या घरी पाहुण्याने चहाला म्हटलेलं पहिलं ‘नको’ कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या ‘नको’च्या वेळी त्याचा हात कपाकडे वळतो की तो बसकणीवरून उठतो, हे बघून यजमानीण आत जायचं की नाही ते ठरवते. टाळूला जीभ लावून केलेला एकच ‘च्’ म्हणजे नकार. तोच आवाज तीन-चार वेळा आला की हळहळ. परगावच्या माणसाला पहिल्या आवाजात तुच्छता ऐकू येते. वडीलधाऱ्यांसमोर बोलताना खाली घातलेली नजर आपल्याकडे अदब असते. इथल्याच एखाद्या पोराने शहरात मुलाखतीला तशीच नजर खाली घातली, तर समोरचा साहेब आत्मविश्वास कमी असल्याची नोंद करतो. एकाच खुणेचे इतके अर्थ एका घाटरस्त्यावर भेटत असतील, तर कोशासारखी अर्थांची यादी कुठल्या तोंडाने द्यायची?

मग हे शिकायचं कुठे? सिंधुदुर्गात याचं माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. दशावताराच्या रंगपटात.

कार्तिक लागला की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. पालखी फिरून आली, नवस-गाऱ्हाणी आटोपली, खाजं घेऊन झालं, की मध्यरात्रीच्या पुढे देवळाच्या आवारात ‘धयकालो’, म्हणजे दशावताराचा खेळ, उभा राहतो आणि पहाटेच्या दहीकाल्याबरोबर संपतो. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशी नावाजलेली मंडळं हंगामभर रात्रीमागून रात्री गावं घेत फिरतात. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, काळ्या वेशातला आणि गावच्या बोलीत बोलणारा संकासुर. नंतर आख्यान. आणि या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता कथा ठरते, पात्रं वाटली जातात, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, एवढीच तयारी. राजा राक्षसाला काय म्हणणार आणि राक्षस त्यावर काय उत्तर देणार, हे दोघांनाही ठाऊक नसतं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच राणीची शेज.

अशा नाटकात समोरच्याला वाचता आलं नाही तर पाचव्या मिनिटाला नाटक बसतं. मी रंगमंचाच्या बाजूला बसून हे बारकाईने पाहत आले आहे. राजा बोलताना एका वाक्याच्या शेवटी श्वास घेतो; तो श्वास पुढच्या वाक्यासाठी आहे की ‘आता तू बोल’ असं सांगणारा, हे समोरच्या नटाला ओळखावं लागतं. लांब पल्ल्याचं भाषण करणारा नट अडकला, की त्याची नजर आधी हलत नाही, आधी उजव्या हाताची बोटं थांबतात. त्याच्याबरोबर दहा हंगाम काढलेला स्त्रीपार्टी नट ते बघतो आणि मध्येच ‘महाराज!’ म्हणून प्रश्न टाकून त्याला मोकळं करतो. पखवाजवाल्याचं लक्ष नटाच्या तोंडाकडे कमी आणि टाचेकडे जास्त. युद्धनृत्याची पहिली ठेप पडण्याआधी टाच किंचित उचलली जाते आणि पखवाजाची थाप त्या ठेपेबरोबरच उतरते. पेटीवाला नायकाच्या गळ्याच्या शिरेवरून सूर कुठल्या पट्टीत येणार ते हेरतो. तिकडे प्रेक्षकांत चटईवर पोरं झोपलेली, म्हातारे घोंगडी सावरून बसलेले. पुढच्या रांगेतली घोंगडी एकामागून एक वर सरकू लागली की अनुभवी नट शोकाचा प्रसंग आवरता घेतो आणि संकासुराच्या वळणाचं काहीतरी काढतो.

या वाचनामागे दोन गोष्टी असतात. एक, हे लोक एकमेकांबरोबर राहिलेले असतात. एकाच गाडीतून प्रवास, एकाच पंगतीत जेवण, एकाच रंगपटात झोप. थकलेला असताना कोण कसा उभा राहतो, रागावला असताना कोण गप्प होतो, हे त्यांना नाटकाबाहेर माहीत झालेलं असतं. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. इथे वाचन चुकलं की लगेच कळतं. श्वासाचा अर्थ चुकला तर दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळतात, सगळ्या गावासमोर. त्यामुळे नट आपल्या अंदाजावर फार वेळ खूश राहू शकत नाही. आपल्या रोजच्या जगण्यात ही सोय नाही. समोरची व्यक्ती रागावली आहे असं आपण मनाशी ठरवतो, तिच्याशी तसं वागतो, ती त्या वागण्याने खरोखरच रागावते, आणि आपलं निदान बरोबर ठरल्याचं समाधान आपल्याला मिळतं.

नाट्याच्या शास्त्राने हा विषय फार जुन्या काळी हाताळला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार भाग केले आहेत. सात्त्विकात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ भाव येतात. यादी नीट पाहिली तर ध्यानात येतं, की घाम, काटा, थरकाप, चेहऱ्याचा उडालेला रंग यांपैकी बहुतेक गोष्टी माणसाच्या हुकमात नसतात. म्हणून तर त्या वठवणं नटाला सगळ्यात अवघड. युरोपात चार्ल्स डार्विनने माणूस आणि प्राणी यांच्या भावनाविष्कारांवर १८७२ साली ग्रंथ लिहिला, आणि तिथून आधुनिक अभ्यासाची वाट सुरू झाली. आपल्याकडे १२९०च्या ज्ञानेश्वरीत, तेराव्या अध्यायात, ज्ञान आत असलं की ते देहावर कसं उमटतं याचं लांबलचक विवरण आहे. अहिंसा म्हणजे काय, हे सांगताना ज्ञानेश्वर त्या माणसाचं पाऊल कसं पडतं, तो बोलतो कसा, बघतो कसा, त्याचे हात कसे वागतात, हे एकेक करून दाखवतात. देहाच्या खुणांवर मराठीत लिहिलेलं याहून सुंदर काही मला माहीत नाही. त्यात एकाही माणसाला पकडण्याचा हेतू नाही, हे विशेष.

पकडण्याच्या हेतूने वाचणारेही महाराष्ट्राला नवे नाहीत. पहाटे येणारा पिंगळा, दारोदार हिंडणारा कुडमुडे जोशी, नंदीबैलवाला यांच्या पोटापाण्याचा बराच भाग समोरच्याचा चेहरा हेरण्यावर चालत आला. ‘घरात एका माणसाची काळजी आहे’ म्हटलं की कुठल्या घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येणार नाही? पुढचं तिचा चेहराच सांगतो. नंदीबैलाची गोष्ट आणखी बोलकी आहे. धनी प्रश्न विचारतो, ढोलकं घुमवतो आणि बैल मान डोलावतो. बैलाला प्रश्न कळत नाही. धन्याचा हात, कासऱ्याचा ताण, आवाजाचा चढउतार कळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने असंच सगळ्यांना थक्क केलं होतं. बेरीज-वजाबाकीची उत्तरं तो खूर आपटून देई. १९०४ साली त्याची तपासणी झाली आणि ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७मध्ये उलगडा प्रसिद्ध केला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं अगदी किंचित हलायचं, आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोड्याचं गणित संपलं. हान्सचा मालक लबाड नव्हता. आपण खूण देतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. पुढे फुंग्स्टने स्वतः ही हालचाल रोखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचीही ती पुरती थांबेना. दुसऱ्याला वाचायला निघालेल्या प्रत्येकाने हा प्रसंग मनात ठेवावा. आपण पाहत असतो तेव्हा आपलं शरीरही काही सांगत असतं, आणि समोरचा त्यालाच उत्तर देत असतो.

खोटं पकडण्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे माणसांचं आयुष्य पणाला लागतं. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली या विषयावरचे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले. चोवीस हजारांहून अधिक लोकांनी खरं-खोटं ओळखण्याचा प्रयत्न केला होता. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के आलं असतं. डीपॉलो यांनी त्याआधी २००३मध्ये खोटेपणाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या १५८ खुणा तपासल्या. बहुसंख्य खुणांचा खोटेपणाशी संबंध नव्हता किंवा अगदी पुसट होता. २००६मध्येच ५८ देशांत लोकांना विचारलं, खोटं बोलणारा कसा ओळखावा? सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर होतं, तो नजर टाळतो. जगभर पक्की असलेली ही समजूत पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून धोका ओळखणारे अधिकारी नेमले गेले. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ साली अहवाल दिला, की या योजनेवर ९० कोटी डॉलर खर्च झाले असून अशा खुणांनी धोका ओळखता येतो याला पुरावा नाही.

हे दूरचं वाटत असेल तर पुण्याकडे बघू. २००८ साली तिथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीला दोषी ठरवलं, त्यात मेंदूच्या विद्युत लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेतला होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर हरकत नोंदवली. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी संबंधित माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तो निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या आत डोकावण्याचा हक्क दुसऱ्याला आपोआप मिळत नाही, हे त्याने कायद्याच्या भाषेत मांडलं. दुसरीकडे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८०व्या कलमाने न्यायाधीशाला साक्षीदाराच्या हावभावांची नोंद करायला सांगितलं होतं. घाटावरच्या वाडीतून पहिल्यांदाच तालुक्याच्या कोर्टात आलेली बाई पिंजऱ्यात उभी राहिली की थरथरते, पदराचं टोक पिळते, वकिलाकडे बघत नाही. ती खोटं बोलत असेल किंवा नुसती घाबरली असेल. शरीर दोन्ही वेळा तेच करतं. नोंद करणाऱ्याच्या हाती केवढी जबाबदारी असते!

कोण कुणाला वाचतं, हाही प्रश्न मला सतत छळत आला आहे. घरात सून सासूच्या पावलांवरून दिवस कसा जाणार ते ओळखते. सासूला तशी गरज पडत नाही. गडी मालकाच्या खाकरण्यावरून सावध होतो, मालक गड्याच्या चेहऱ्याकडे क्वचितच बघतो. मार खाल्लेलं पोर दारू पिऊन येणाऱ्या बापाच्या चपलांचा आवाज रस्त्याच्या वळणावरून ओळखतं. ज्यांच्याकडे सत्ता नसते त्यांना वाचावंच लागतं. म्हणून या विद्येत बायका तरबेज असतात असं कौतुकाने म्हटलं जातं तेव्हा मला आनंद होत नाही. त्या कौशल्यामागे किती वर्षांची धास्ती आहे, ते आधी बघायला हवं. या पुस्तकाने एवढं जरी केलं, की ज्यांना आजवर कुणाला वाचण्याची गरज पडली नाही ते आपल्या घरातल्या, दुकानातल्या, कचेरीतल्या माणसांकडे नीट बघू लागले, तरी मला पुष्कळ वाटेल.

धास्तीतून नव्हे तर मायेतून झालेलं वाचन कोकणाने चाकरमान्यांच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या केलं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घराघरांतलं कुणी ना कुणी त्यांत होतं. मनीऑर्डरी थांबल्या. चतुर्थीला पोरगा गावी आला की आई त्याला काही विचारत नसे. बॅग उतरवताना तो ती ओटीवर ठेवतो की सरळ आत नेतो, पाण्याचा तांब्या घेतल्यावर आधी पितो की आधी खाली बसतो, वाडीतल्या पोरांना खाऊ वाटताना हात सैल आहे की मोजून देतो, यावर तिचं सगळं लक्ष. त्या पिढीतल्या बायकांनी मला हे सांगितलं आहे. ‘तोंडार दिसा होता’, असं त्या म्हणत, पण खोदून विचारलं की तोंडाबद्दल कमी आणि बॅगेबद्दल, तांब्याबद्दल, हाताबद्दल जास्त बोलत. मागच्या चतुर्थीला तो कसा आला होता, ते त्यांना लख्ख आठवत होतं. तुलना त्याची त्याच्याशीच.

आज ती आई फोनवर ‘हॅलो’ ऐकून ओळखते. व्हिडिओ कॉलने ही ओळख वाढली असेल, असं वाटेल. मानसशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांचा २०१७चा अभ्यास उलटी दिशा दाखवतो: नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याच्या भावना अधिक अचूक ओळखल्या, चेहरा आणि आवाज दोन्ही मिळाले तेव्हा अचूकता घसरली. चेहऱ्यावर मुखवटा चढवायची आपल्याला सवय असते, आवाजावर तितकी नसते. म्हणून या पुस्तकात आवाजाला, त्यातल्या थांबण्याला, वाक्य अर्धं सोडण्याला मी चेहऱ्यापेक्षा जास्त पानं दिली आहेत. चेहऱ्यावरच्या सूक्ष्म हावभावांची पानं कमी आहेत, ती जाणूनबुजून. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी काही मूळ भावनांचे चेहरे जगभर सारखेच असतात, हा विचार रुजवला. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावे तपासून दाखवलं, की रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतातच असं नाही आणि आठ्या घालणारी रागावलेली असतातच असंही नाही. ज्यांच्या घरी कडक दिसणारे, प्रेमळ आजोबा होते त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही.

पाहायचं कसं, याचा वस्तुपाठ आंबोलीत रात्री मिळतो. पावसाळ्यात इथे देशभरातून बेडूक आणि साप पाहणारे येतात. २००९ साली शास्त्रीय वर्णन झालेला, वाघासारखे पट्टे असलेला आंबोलीचा भेक जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसात थोडेच दिवस दिसतो. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या माशाला २०२०मध्ये त्या नदीचंच नाव मिळालं. या लोकांबरोबर हिंडणारी गावातली मुलं टॉर्चच्या उजेडात फांदीवरचा चापडा दाखवतात. ती पाहुण्याला आधी सांगतात, की काय दिसतं ते बोला. मान मागे ओढून वळण घेतलं आहे. शेपटीचं टोक हलतंय. डोकं आपल्या बाजूला वळलं. ‘चिडला’ हा शब्द कुणी उच्चारला की मुलं त्याला थांबवतात. चिडला की घाबरला, ते आपल्याला ठाऊक नाही; आपल्याला एवढंच ठाऊक की दोन पावलं मागे सरायला हवं. निको टिनबर्गन, कॉनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३चं नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वागण्याच्या अशाच अभ्यासासाठी: आधी निरीक्षणाची नोंद, मग कारणाचा शोध. सापाच्या बाबतीत आपण जेवढा संयम दाखवतो, तेवढा नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा शेजाऱ्याच्या बाबतीत दाखवला तर किती गैरसमज टळतील.

आता एका माणसाविषयी सांगते, ज्याच्यामुळे हा विषय मला आयुष्यभर पुरला. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात ‘द गॅप’ नावाचा समुद्रकडा आहे. तिथे जीव द्यायला येणाऱ्यांची संख्या मोठी. डॉन रिची नावाचे विमा व्यवसायातले गृहस्थ १९६४पासून त्या कड्यासमोर राहत होते. खिडकीतून एखादी व्यक्ती एकटीच, बराच वेळ, काठाजवळ घुटमळताना दिसली की ते बाहेर पडत, तळहात वर करून, हसऱ्या चेहऱ्याने जवळ जात, आणि काही मदत करू का, असं विचारत. मग घरी चहाला बोलावत. अधिकृत मोजणीप्रमाणे त्यांनी १६०हून अधिक जीव वाचवले. २०१२ साली ते वारले. त्यांच्याकडे कसलंही प्रशिक्षण नव्हतं. रोज तोच कडा बघितल्यामुळे तिथे येणारी माणसं सहसा कशी वागतात हे त्यांना ठाऊक झालं होतं, आणि वेगळं वागणारा माणूस डोळ्यांत भरत होता. त्यांचा अंदाज चुकला असेल तेव्हा काय झालं असेल? एका अनोळखी माणसाला एक कप चहा मिळाला असेल. आंबोलीजवळच्या कावळेसादच्या कठड्याशी, घाटातल्या वळणांवर चहा-मक्याच्या टपऱ्या चालवणारी आमची माणसंही असंच लक्ष ठेवून असतात. एकट्याने आलेला, फोटो न काढणारा, भिजत असूनही आडोसा न शोधणारा माणूस दिसला की टपरीवरची बाई त्याला हाक मारते, ‘च्या घेतलास काय?’ वाचणं आणि विचारणं यांत तिच्याकडे अंतर नसतं.

पुढची प्रकरणं वाचायला घेण्याआधी एक वही करावी, असं मी सुचवेन. रोज भेटणारा एकच माणूस निवडावा, शक्यतो ज्याच्याशी आपलं बरं चाललं आहे असा. पहिले पंधरा दिवस फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहावं. ‘बाबा अस्वस्थ होते’ असं लिहू नये. ‘बाबांनी कप दोन्ही हातांत धरला, पेपर उघडला आणि पान उलटलं नाही’ असं लिहावं. वेळ लिहावी, हवा लिहावी, घरात आणखी कोण होतं ते लिहावं, आपण स्वतः त्या वेळी काय करत होतो तेही लिहावं. पंधरा दिवसांनी त्या माणसाचं नेहमीचं रूप वहीत हळूहळू उमटू लागेल. त्यानंतर कधी त्यात बदल दिसला तर अर्थ लावण्याची घाई न करता सोबत बसावं, दुसऱ्या एखाद्या कामाचं बोलावं, आणि जागा मिळाली की साध्या शब्दांत विचारावं. उत्तर मिळालं तर तेही लिहून ठेवावं, नाही मिळालं तर तेही. दोन महिन्यांनी ती वही त्याच माणसाच्या हातात द्यावी. त्यातलं किती बरोबर आहे, हे त्याला विचारल्याशिवाय या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडू नये.